सबका अर्थ एक

शिर्डीत स्वतःचं घर असलेल्या माणसानं आपले नातेवाईक मोजायच्या भानगडीत पडू नये. पुण्यात राहिलो असतो तर चुलत मेहुण्याच्या साडूचा जावई मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा ओळखू आला नसता. शिर्डीत तो दर वर्षी सहकुटुंब येतो आणि कोपरगाव स्टेशनावर उतरला की फोन करतो, "काका, दर्शनाला आलोय. तुमच्याकडं गाडी आहे ना?" 2017 साली काकडीला विमानतळ झाला आणि लांबचे नातेवाईक जवळ आले. 2022 च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि विदर्भातली, ज्यांच्याशी आमचं तीन पिढ्या बोलणं नव्हतं, ती शाखाही बोलू लागली. सगळ्यांचा प्रश्न एकच. गाडी आहे ना?

गाडी आहे. तीच तर पंचाईत आहे.

1997 सालची. कंपनीचं नाव सांगत नाही. त्यांनी चांगली गाडी करून दिली होती. पुढचं जे काही झालं ते माझ्या घरी झालं. नोंदणीची पहिली 15 वर्षं 2012 साली सरली. तेव्हापासून दर पाच वर्षांनी तिला श्रीरामपूरला आरटीओत पासिंगला न्यावं लागतं, आणि त्या दिवशी ती अशी शहाण्यासारखी वागते की मला आमच्या शाळेची वार्षिक तपासणी आठवते. वर्षभर बाकं बडवणारी पोरं साहेब आले की हाताची घडी घालून बसायची. साहेबांची जीप फाटकाबाहेर पडली की पुन्हा बाकं.

मी विज्ञान शिकवायचो. 31 वर्षं. हे आत्ताच सांगून टाकतो. पुढं लपवता येणार नाही.

गाडीला जो आजार जडला त्याला आमच्या भागात 'लूज कॉन्टॅक्ट' म्हणतात. हे निदान नव्हे, शेरा आहे. प्रगतिपुस्तकावर 'अभ्यासात लक्ष नाही' लिहितात, त्यातला. तो लिहून मीही अनेक पालकांची बोळवण केलेली आहे, त्यामुळं तो ऐकून घेण्याची माझी पाळी आली तेव्हा तक्रार करता येईना.

किल्ली फिरवली की दहातल्या आठ वेळा गाडी पहिल्या झटक्यात चालू. उरलेल्या दोन वेळा बॉनेटखालून फक्त 'टक' असा आवाज. कुणी येऊन कडी एकदाच वाजवावी आणि आपण दार उघडेपर्यंत निघून जावं, तसा. शिवाय किरकोळ दुखणी होतीच. ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मंद मंद पेटायचा. हॉर्न फक्त स्टिअरिंग डावीकडं वळवलं तरच वाजायचा. ॲक्सिलरेटरची केबल एका वर्षात तीनदा तुटली. आणि हेडलाइट लावले की तापमानाचा काटा, जो इतका वेळ मध्यावर निवांत बसलेला असायचा, तो उठून लाल खुणेकडं चालू लागायचा. हेडलाइट बंद केले की परत येऊन बसायचा. इंजिनाचा आणि हेडलाइटचा तापण्याच्या बाबतीत काय संबंध, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी रेडिएटर साफ करून घेतला, पाणी बदललं, कूलंट टाकलं. काटा आपला दिवे लागणीला उठायचा तो उठायचाच.

त्यात पावसाळा. ज्या गावात बाबांनी पणत्यांत पाणी घालून दिवे तेवते ठेवल्याची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, त्या गावात माझ्या गाडीत चार थेंब पाणी गेलं की दिवे जातात. यावर आमच्या शेजारच्या पेढेवाल्यांचं म्हणणं, "सर, तिथं श्रद्धा होती. तुमच्या गाडीत काय आहे?"

काय आहे ते शोधायला मी राहात्यात मिस्त्रीकडं गेलो. मिस्त्री म्हणजे एके काळचा माझाच विद्यार्थी. त्यानं किल्ली फिरवली. गाडी चालू. बंद केली, फिरवली, चालू. दहा वेळा चालू. अकराव्यांदा त्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं त्या नजरेनं मी त्याच्याकडं सहावी ब मध्ये पाहायचो, तो पोटात दुखतंय म्हणून घरी जायला मागायचा तेव्हा.

"सर, आत्ता तर काय बी नाय."

"अरे, सकाळी होत होतं."

"फॉल्ट दिसल्याबिगर घावायचा कसा? एक करू. बॅटरी बदलून बघू."

या 'बदलून बघू'वर माझं दीड वर्ष गेलं. बॅटरी बदलून बघितली. गाडी आठवडाभर सुतासारखी चालली. आठव्या दिवशी टक. मग सेल्फ उघडून त्याचे कार्बन बदलले. मग सेल्फच बदलला. मग किल्लीचा स्विच. मग रिले. मग कॉइल. कॉइलचा टक आवाजाशी काडीचा संबंध नाही हे मला तेव्हाही ठाऊक होतं, पण एव्हाना बदलण्याची सवय लागली होती. प्रत्येक पार्टनंतर गाडी पाचसहा दिवस बरी राहायची. आपण डॉक्टर बदलल्यावर आपल्यालाही पाचसहा दिवस बरं वाटतंच. एकूण 17,400 रुपये झाले. म्हणजे गाडी विकून आली असती त्या रकमेच्या जवळपास. मिस्त्रीची लबाडी नव्हती, हे इथं नमूद करतो. त्याला खरंच वाटायचं की आता झालं. शिर्डीच्या पाटीवर श्रद्धा आणि सबुरी असे दोन शब्द असतात. आमचा सगळा कारभार पहिल्या शब्दावर चालला होता.

मधे एकदा नव्या पिढीकडंही गेलो. नगर-मनमाड रस्त्यावर एका पोरानं स्कॅनर घेतला होता. आताच्या गाड्यांना कंप्युटर असतो, त्या आपलं दुखणं आकड्यांत सांगतात. पोरगा स्कॅनरची पिन हातात घेऊन माझ्या डॅशबोर्डखाली शिरला आणि खोबणी शोधत दहा मिनिटं उताणा पडून राहिला. बाहेर आला तेव्हा हातात बुंदीच्या प्रसादाचं एक जुनं पाकीट आणि एक रुपयाचं नाणं होतं. "काका," तो म्हणाला, "हिला बोलता येत नाही." नाणं त्यानं परत दिलं. तपासणीचे पैसे घेतले नाहीत. माझ्याकडून ज्यांनी काहीच घेतलं नाही अशा माणसांत त्याचा क्रमांक पहिला.

एकदा मनात आलं, हिला सरळ नगरलाच न्यावी. (अहिल्यानगर म्हणायचं आता, जिभेला वळण लागतंय हळूहळू.) तिथं लष्करी वाहनं तपासणारी व्हीआरडीई आहे, रणगाड्यांचं संग्रहालय आहे. जगभरच्या लढायांतले रणगाडे तिथं ओळीनं उभे आहेत आणि त्यांतल्या एकाकडूनही कुणी चालू होण्याची अपेक्षा करत नाही. माझ्या गाडीला ती जागा मानवली असती.

आता उदीचं. हे लिहू की नको असा विचार केला. पण घरात हा लेख वाचला जाणार आहेच, तेव्हा खरं काय ते लिहितो. एका सकाळी गाडी टक करून बसली. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, जरा थांबा," आणि आतून उदीची पुडी घेऊन आल्या. गाडीला उदी म्हणजे बॉनेटवर बोट टेकवतील अशी माझी समजूत. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, बॅटरीला बोट लावलं, जरा सेल्फच्या दिशेनंही उडवली आणि बॉनेट खाली सोडलं. धाडकन. मी किल्ली फिरवली. चालू! पुढच्या महिन्यात हे आणखी तीनदा घडलं. मी विज्ञानाचा मास्तर असल्यामुळं पाचव्या वेळी उदी न लावता नुसतंच बॉनेट उघडून आपटलं. गाडी चालू झाली. मोठ्या आनंदानं मी हे आत जाऊन सांगितलं.

"बघ, उदीचा काही संबंध नाही. आपटण्यानं होतंय."

त्या पोळ्या लाटत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "उदी लावायची म्हणूनच पहिल्यांदा बॉनेट उघडलं ना?"

यावर मला उत्तर सापडलेलं नाही. पण आपटल्यानं गाडी चालू होते, म्हणजे काहीतरी हलतं आणि जागेवर बसतं, हा धागा माझ्या हातात आला होता. तो मी नीट धरला असता तर पुढची रात्र टळली असती.

ती रात्र कोपरगाव स्टेशनची. मेहुणे, त्यांच्या पत्नी, दोन मुलं, सहा बॅगा. गाडी बॅगांसकट भरली, किल्ली फिरवली. टक. बॉनेट आपटलं. टक. मेहुण्यांनी आपटून बघितलं. मेहुणे बँकेत अधिकारी आहेत, त्यांचं आपटणंही अधिकारवाणीचं होतं. टक. तेवढ्यात स्टेशनाबाहेर शिर्डीला जाणारी आंध्रातली सातआठ भाविक मंडळी दिसली. त्यांना काही सांगावं लागलं नाही. मराठी त्यांना येत नव्हतं, तेलुगू मला येत नव्हतं. पण शिर्डीच्या परिसरात 'साईराम' या एका शब्दात नमस्कार, बाजूला व्हा, किती झाले, आणि धक्का मारा हे सगळं मावतं. "साईराम!" म्हणत त्यांनी ढकललं आणि दहा पावलांत गाडी चालू.

गाडी धक्क्यानं लगेच चालू होते, सेल्फनं होत नाही, यातून काय कळतं हे मी परीक्षेत पाच मार्कांना विचारलं असतं. धक्का मारताना लागतो तो कॉइलपुरता करंट, दोनचार अँपिअर. सेल्फला लागतात शंभर-सव्वाशे. म्हणजे बॅटरीत जीव आहे, ठिणगी ठीक आहे, अडलंय ते मोठा करंट जायच्या वाटेवर. पण रात्री अकरा वाजता, मागच्या सीटवर मेहुण्यांचा मुलगा "मामांची गाडी फेकून द्यायची का?" असं विचारत असताना माणूस पाच मार्कांचं उत्तर लिहीत नाही.

घरी येऊन झोप लागेना तेव्हा हेमाडपंतांच्या साईसच्चरितातली जामनेरच्या टांग्याची गोष्ट आठवली. नानासाहेब चांदोरकर तेव्हा जामनेरला मामलेदार. त्यांची लेक बाळंतपणात अडली होती. बाबांनी रामगीरबुवांना उदी घेऊन पाठवलं. बुवा रात्री जळगावला उतरले तेव्हा खिशात दोन आणे उरलेले. आणि पुढं जामनेरपर्यंतचा मोठा पल्ला. एवढ्यात नानासाहेबांनी पाठवलाय असं सांगत एक टांगा हजर. बुवांना पहाटे त्यानं जामनेरला पोचवलं. बुवा जरा बाजूला जाऊन परत येतात तो टांगा नाही, घोडा नाही, कुणी नाही. नानासाहेबांनी असा टांगा पाठवलेलाच नव्हता. तो टांगा काम करून अदृश्य झाला. माझं वाहन काम न करता अंगणात दिसत राहतं.

मग मी मास्तराला जे येतं ते केलं. वही घातली. तारीख, वार, वेळ, हवा, गाडी किती चालली होती, कोणकोणते दिवे लागले होते, शेवटी 'टक' की 'चालू'. तीन महिन्यांत 'टक'च्या 23 नोंदी झाल्या. त्यांतल्या 14 गुरुवारच्या.

गुरुवार! बाबांचा वार. ही नोंद मी चुकूनही घरात दाखवली नाही. पेढेवाल्यांना मात्र बोलून गेलो, आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीत माझ्याकडं बघण्याची पद्धत बदलली. एकानं सुचवलं, गुरुवारी गाडीला उपास असेल.

मेकॅनिक मंडळींत अमेरिकेची एक दंतकथा फार चालते. एका गृहस्थाच्या गाडीला व्हॅनिला आइस्क्रीमचं वावडं होतं. दुसरं कुठलंही आइस्क्रीम घेऊन आला की गाडी चालू, व्हॅनिला घेतलं की बंद. शेवटी उलगडा असा की व्हॅनिला दुकानाच्या तोंडाशीच ठेवलेलं, ते दोन मिनिटांत मिळायचं आणि गरम इंजिनाला निवायला वेळच मिळायचा नाही. या गोष्टीचा आधार घेऊन मी गुरुवारचा विचार सुरू केला. गुरुवारी गावात गर्दी. रात्री पालखी. मुख्य रस्त्यापासून माझ्या घरापर्यंतचे दोन किलोमीटर, जे एरवी पाच मिनिटांचे, ते गुरुवारी पाऊण तासाचे. पाऊण तास हेडलाइट चालू, पाय ब्रेकवर, पंखा चालू, इंजिन नुसतं गुरगुरतंय आणि तापतंय. आणि पालखीसाठी रस्ता अडला की मी पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करायचो. म्हणजे दर गुरुवारी अत्यंत तापलेल्या गाडीला, अत्यंत थकलेल्या बॅटरीवर, अत्यंत गर्दीत पुन्हा चालू हो म्हणणारा मीच.

उपास गाडीला नव्हता. पण गाडी नेमकी अडते कुठं, हे अजून कळायचं होतं.

कोपरगावला एक वृद्ध वायरमन आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्याकडं वही घेऊन गेलो तेव्हा गाडी, अर्थातच, मखमलीसारखी चालत होती. मला वाटलं, आता हेही किल्ली दहा वेळा फिरवणार. त्यांनी किल्लीला हातच लावला नाही. वही मात्र चष्मा लावून पूर्ण वाचली.

"मास्तर, गाडी आता खोटं बोलतीय. खोटं बोलणाऱ्याला काय विचारायचं? गुरुवारी येतो."

आणि खरंच आले. संध्याकाळी बसनं, पिशवीत एक मीटर, दोन लांब वायरी, एक जाड जंपर केबल, आणि वायरीला टांगलेला बारा व्होल्टचा एक बल्ब. मी स्टिअरिंगवर, चाचा शेजारी, मीटरच्या वायरी खिडकीतून बाहेर काढून बॉनेटच्या फटीतून आत सोडलेल्या, चिमटे बॅटरीला. अशा थाटात आम्ही पालखीच्या गर्दीत शिरलो. फुलवाले, हारवाले थांबून बघत होते. एका भाविक बाईंनी गाडीला सलाईन लावलंय असं समजून हात जोडले.

पाऊण तासानं मी इंजिन बंद केलं. किल्ली फिरवली. टक.

दीड वर्षात पहिल्यांदा त्या आवाजानं कुणाला तरी आनंद झाला. "आली!" चाचा म्हणाले. "आता परत परत फिरवू नका. सांगीन तेव्हाच."

ते खाली उतरले. बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर, मला खूण, टक. 11.6 व्होल्ट. बॅटरी मेलेली असती तर हा आकडा सात-आठवर आपटला असता. म्हणजे बॅटरी निर्दोष. जुनीही बहुधा निर्दोषच होती. ती आता पेढेवाल्यांच्या इन्व्हर्टरला छान चालते. मग सेल्फच्या टोकावर आणि सेल्फच्याच अंगावर मीटर, टक. साडेसात.

"बॅटरी देते साडेअकरा, सेल्फला पोचतात साडेसात. चार व्होल्ट मधल्या मधे कुणीतरी खातंय."

मला सरकारी अनुदानाची योजना आठवली. पण चाचा गंभीर होते. त्यांनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला ठेवलं आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. "मारा." टक. 3.8.

आता इथं जरा थांबतो, कारण माझ्या 31 वर्षांचा प्रश्न आहे. गाडीत वायरी जायच्याच असतात, यायच्या नसतात. बॅटरीतून निघालेला करंट वायरीनं दिव्याकडं, हॉर्नकडं, सेल्फकडं जातो आणि परत येतो तो गाडीच्या अंगातून, पत्र्यातून. पत्रा आणि इंजिन यांच्यामध्ये रबराची फाउंडेशनं असतात. रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिनाला पत्र्याशी जोडणारी तांब्याच्या जाळीची एक चपटी पट्टी असते. सेल्फ इंजिनावर, अल्टरनेटर इंजिनावर, तापमान मोजणारं बोंडूक इंजिनावर. सगळ्यांची परतीची वाट ही एवढीच. निरोगी पट्टीवर 0.2 व्होल्टसुद्धा पडू नयेत. माझ्या पट्टीवर 3.8 पडत होते. सव्वाशे अँपिअर करंटाच्या वाटेत ओहमचा अगदी तेहतिसावा तुकडा जरी आडवा आला तरी व्होल्ट असे गळतात. व्ही बरोबर आय गुणिले आर. हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याचा हिशेब नाही. गेऑर्ग ओहमनं 1827 साली हा नियम पुस्तकात छापला तेव्हा तोही कोलोनच्या शाळेत मास्तरच होता, आणि पुस्तकाची कुणी कदर न केल्यामुळं त्यानं नोकरी सोडली. निदान त्याला स्वतःचा नियम वापरता येत होता.

"पण चाचा, मी सगळ्या वायरी ओहमवर तपासल्या होत्या. शून्य दाखवत होत्या."

"कधी तपासल्या?"

"गाडी बंद असताना."

चाचांनी गर्दीकडं बोट दाखवलं. "गर्दी नसेल तेव्हा दर्शनबारीत एकच दार उघडं असलं तरी कुणी अडतं का? मंदिर उघडंच म्हणतात ना? आज एकच दार उघडं ठेवून बघा."

मीटर स्वतःच्या इवल्याशा सेलवर एखादा कण करंट सोडून विचारतं, वाट आहे का? एक तार शिल्लक असली तरी उत्तर येतं, आहे. सव्वाशे अँपिअरची यात्रा त्या एका तारेवरून न्यायची वेळ आली की तार तापते, तापली की आणखी आखडते. 31 वर्षांत वर्गाला इतकं चांगलं उदाहरण मी एकदाही दिलं नाही, आणि देवळापासून माझी शाळा हाकेच्या अंतरावर होती.

"जाणारा करंट सगळे बघतात मास्तर. येणारा कुणी बघत नाही." मग त्यांनी ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लावून बघितला आणि मला लावायला सांगितला. कोमट नव्हे, चांगली गरम. दार बंद झाल्यावर बिचारा करंट खिडकीतून घरी जात होता. इंजिनातून केबलमध्ये, केबलमधून पत्र्यात. वर्षात तीन केबली का तुटल्या, ते कळलं. काटा दिवे लागणीला का उठायचा, तेही. दिव्यांचा भार आला की अल्टरनेटरचा सगळा करंट त्याच कुजक्या पट्टीतून परतायचा, इंजिन आणि पत्रा यांच्यात व्होल्टचा फरक पडायचा, आणि काटा तो फरक ताप समजून दाखवायचा. मी त्याला पाणी पाजत होतो.

चाचा सरळ झाले, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या गाडीला अर्थ राहिलेला नाही."

हे मला मेहुण्यांनी कोपरगावला सांगितलं होतं, बायकोनं अनेकदा, आणि आरटीओतल्या एका साहेबांनी नजरेनं. मी मान हलवली. मग ध्यानात आलं की आमच्याकडं अर्थिंगला 'अर्थ' म्हणतात.

चाचांनी जंपर केबलचं एक टोक इंजिनाला चिमटवलं, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. "आता मारा." तापलेली गाडी, दमलेली बॅटरी, गुरुवार, पालखी, आणि इंजिन असं गर्जलं की पुढचा रिक्षावाला दचकून "साईराम" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. एका टोकाला हिरवं, एका टोकाला पांढरं, मधे निम्म्या तारा तुटलेल्या. आणि पत्र्याच्या बाजूचा नट खोलला तेव्हा खालून निघाला तो रंग. अस्सल, तीन हातांचा, चकचकीत रंग. मुलीच्या लग्नाआधी मी गाडीला डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं होतं. सगळ्या वऱ्हाडानं रंगाचं कौतुक केलं होतं. रंगाऱ्यानं पट्टी सोडली, खाली रंग मारला आणि वर पट्टी कसली. धातूला धातू लागलाच नाही. आट्यांतून जेवढा टेकला तेवढ्यावर दोन वर्षं निभावलं, मग पावसाळ्यानं गंज आणला. डिकीतही तेच. मागच्या दिव्याचा अर्थही रंगावरच कसलेला, म्हणून ब्रेकचा करंट परतीच्या वाटेला इंडिकेटरच्या बल्बातून जात होता. रंगाऱ्याचं नाव सांगत नाही. काम सुबक होतं. मी स्वतः उभं राहून त्याला म्हणालो होतो, "एक इंच सोडू नको."

चाचांनी पॉलिश पेपरनं लोखंड पांढरं होईपर्यंत घासलं, नवी पट्टी कसली, वर व्हॅसलीन फासलं. डिकीतही तसंच. मीटर लावून किल्ली मारली. 0.1. मग त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर बिल लिहून दिलं: पट्टी, दोन बोल्ट, पॉलिश पेपर, मजुरी, बसचं जाऊन-येऊन तिकीट. 640 रुपये. बसचं तिकीट त्यांनी ज्येष्ठ नागरिकाचं, अर्धंच लावलं होतं.

घरी आल्यावर सौभाग्यवतींना सगळं समजावून सांगितलं. ओहम, पट्टी, रंग, 3.8. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चाचा कोणत्या वारी आले होते?"

या गोष्टीला आता आठ महिने झाले. 'टक' एकदाही नाही. काटा मध्यावर. केबल तीच. वही मी जपून ठेवली आहे. मिस्त्री एकदा वाचायला घेऊन गेला आणि आता तो बॅटरी बदलण्याआधी मीटर लावतो, असं तो सांगतो.

हॉर्न मात्र अजून डावीकडं वळतानाच वाजतो. चाचांनी बघितला, स्टिअरिंगच्या आतली तांब्याची रिंग एका बाजूला झिजलीय म्हणाले, दोनशे रुपयांत होईल. मीच नको म्हणालो. नगर-मनमाड रस्त्यावरून आमच्या गल्लीत वळायचं ते डावीकडंच आहे.